कुळाच्या जमिनीचे जुने निकाल डेटाबेसमध्ये सापडंनात, सर्च कसा आखायचा?

परभणीकर_ज्युनियर:

नमस्कार मंडळी. मी परभणीला ज्युनियर म्हणून प्रॅक्टिस करायलो, सोबत एलएलएमचं डेझर्टेशन पण चालू आहे आणि दोन्हीकडं विषय एकच आलाय. प्रकरण असंय की पक्षकाराच्या आजोबाचं नाव संरक्षित कुळाच्या रजिस्टरला आहे, जमीन तेव्हापासून ह्यांच्याच वहिवाटीत, पण मालकीचं सर्टिफिकेट कधी कुणी काढलंच नाही, आणि आता मूळ मालकाच्या वारसांनी परस्पर खरेदीखत करून दिलं. सिनियर म्हणले की हैदराबाद कुळ कायद्याचं कलम 38-ई (संरक्षित कुळाकडं मालकी जाण्याचं) बघ, सर्टिफिकेट नसताना मालकी येते का नाही एवढ्याच मुद्द्यावर निकाल काढून आण.

आता अडचण ही की डेटाबेसमध्ये पूर्ण प्रश्न टाकला तर काहीच्या काही यायलं, नुसतं कुळ आणि औरंगाबाद टाकलं तर बिहारच्या औरंगाबादचे पाटणा हायकोर्टाचे निकाल यायलेत, पश्चिम महाराष्ट्राच्या कुळ कायद्याचे तर ढीगभर, आणि कलमाचा नंबर टाकला की एकदम चारदोन निकालावर येऊन थांबतंय. कॉलेजच्या लायब्ररीत पेड डेटाबेस आहे, घरी फुकटवाली साइट वापरतो. सर्च करायची काही शिस्तशीर पद्धत असती का, का प्रत्येकजण असंच टाकून टाकून बघतो? ज्यांनी ह्या कायद्यावर काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

ग्रंथपाल_ताई:

पद्धत असते, आणि ती कीबोर्डला हात लावायच्या आधी कागदावर सुरू होते. मी लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, मुलं आली की आधी त्यांना एकच वाक्य लिहायला लावते: तुम्हाला कोर्टाकडून नेमकं कशाचं उत्तर पाहिजे? तुमचं वाक्य तयारच आहे, सर्टिफिकेट नसताना संरक्षित कुळाला मालकी मिळते का. आता त्यातले स्वतंत्र तुकडे वेगळे करा. एक तुकडा कायदा आणि कलम, दुसरा माणूस म्हणजे संरक्षित कुळ, तिसरा कागद म्हणजे सर्टिफिकेट, चौथा परिणाम म्हणजे मालकी आपोआप येणं. प्रत्येक तुकड्याखाली न्यायाधीश कोणकोणते शब्द वापरतील ते उभे लिहून काढा, कारण डेटाबेस तुमच्या मनातला अर्थ शोधत नाही, निकालात टाइप झालेली अक्षरं शोधतो. मालकीखाली ओनरशिप, टायटल, व्हेस्टिंग, स्टँड ट्रान्सफर्ड, डीम्ड ओनर हे सगळं आलं पाहिजे. एका रांगेतल्या शब्दांच्या मधे ऑर टाकायचं आणि रांगा एकमेकींना अँडने जोडायच्या, एवढाच बुलियन सर्च आहे, त्यात भ्यायचं काही नाही.

पण सगळ्या रांगा पहिल्याच फेरीत जोडू नका. तुमचं जे चारदोन निकालावर येऊन थांबतंय ना ते ह्यामुळेच होतं, प्रत्येक अँड म्हणजे एक चाळणी आहे आणि चार चाळण्या एकदम लावल्या की उपयोगाचं पण खाली राहून जातं. पहिल्या फेरीत कायदा आणि संरक्षित कुळ एवढंच घ्या, वरचे काही निकाल उघडून त्यात कोर्ट कोणते शब्द वापरतंय ते टिपा, ते शब्द रांगेत घाला आणि मगच तिसरा तुकडा जोडा.

कलमाच्या नंबरचं वेगळं सांगते कारण तिथं भलेभले अडकतात. 38-ई हे कुठं मधे डॅश देऊन छापलंय, कुठं सलग, कुठं मधे जागा सोडून, कुठं ई कंसात. काही डेटाबेस हे सगळं एकच धरतात, काही नाही धरत. चारही प्रकार ऑरने जोडून कंसात टाका. आणि "औरंगाबाद" हा शब्द सर्चमधून काढूनच टाका, कोर्ट निवडायला फिल्टर असतो, जागेचं नाव मजकुरात शोधलं तर बिहार येणारच. 2023 पासून मुंबई हायकोर्टाच्या निकालांवर न्यूट्रल सायटेशन (कोर्टानं स्वतः दिलेला निकालाचा क्रमांक) असतं, त्यात आपल्या औरंगाबाद खंडपीठासाठी बीएचसी-एयूजी अशी खूण असते, नागपूरसाठी एनएजी, आणि दोन न्यायाधीशांचा निकाल असेल तर शेवटी डीबी. अलीकडचे फक्त इथलेच निकाल पाहिजेत तेव्हा ही खूण लई कामाची आहे, जुन्यासाठी मात्र नाही.

खंडपीठ_वकील:

ताईंनी पाया बरोबर घातला. मी त्यात ह्या कायद्याचं सांगतो, कारण ह्या कायद्यात खरी गोम शब्दात नसून इतिहासात आहे आणि ती माहीत नसली तर कितीही भारी डेटाबेस घ्या, निम्मं सापडणारच नाही.

हा कायदा 1950 चा, हैदराबाद राज्याचा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगणा आंध्रात, बिदर गुलबर्गा रायचूर म्हैसूरकडं. कायदा मात्र तिघांच्याही सोबत गेला. आपल्याकडं त्याचं नाव आजपण हैदराबाद टेनन्सी अँड अ‍ॅग्रिकल्चरल लँड्स अ‍ॅक्ट आहे. तिकडं त्याच कायद्याला आंध्र प्रदेश, मग कंसात तेलंगणा एरिया, टेनन्सी अँड अ‍ॅग्रिकल्चरल लँड्स अ‍ॅक्ट 1950 असं नाव पडलं, आणि तेलंगणा वेगळं राज्य झाल्यावर आता नुसतं तेलंगणा टेनन्सी म्हणतात. म्हणजे तू "हैदराबाद टेनन्सी" अवतरण चिन्हात टाकून शोधलंस की तिकडचे कित्येक निकाल गळाले, आणि 38-ई वरचे सगळ्यात वजनदार निकाल तिकडचेच आहेत.

नावं देतो, उघडून स्वतः वाच. सादा विरुद्ध तहसीलदार, उटनूर, आंध्र हायकोर्टाचं फुल बेंच म्हणजे मोठं खंडपीठ, एआयआर (निकाल छापणारी मालिका) 1988 आंध्र प्रदेश 77. उटनूर म्हणजे आपल्या किनवटच्या पलीकडं आदिलाबाद जिल्ह्यात. तिथं नेमका तुझाच प्रश्न आला होता आणि फुल बेंचनं सांगितलं की जाहीर केलेल्या तारखेला मालकी कायद्यानंच कुळाकडं जाते, सर्टिफिकेट हा तिचा पुरावा आहे, सर्टिफिकेटमुळं मालकी जन्माला येत नाही. ताबा प्रत्यक्ष असो का कायद्याच्या नजरेतला, ह्याचीपण चर्चा त्यात आहे आणि तुझ्या पक्षकाराच्या वहिवाटीला ती लागू पडते का ते तुला बघावं लागंल. त्यानंतर सुप्रीम कोर्टाचा कोटय्या विरुद्ध प्रॉपर्टी असोसिएशन ऑफ द बाप्टिस्ट चर्चेस, 1989 चा, एससीसी (सुप्रीम कोर्टाचे निकाल छापणारी मालिका) तिसरा खंड, पान 424. हे दोन हातात आले की शब्दांचा सर्च थांबव आणि साखळी धर. बहुतेक डेटाबेसमध्ये "साइटेड बाय" म्हणून एक लिंक असते, त्या निकालाचा आधार पुढं कुणी कुणी घेतला ते तिथं दिसतं. ती यादी उघड, त्यात कोर्टाचा फिल्टर मुंबई लाव. आपल्या हायकोर्टानं हे निकाल स्वीकारलेत का, वेगळे काढलेत का, कशावर वेगळे काढलेत, हे तिथून कळतं आणि युक्तिवादाला तेच लागतं.

एक सावधगिरी मात्र पाळ. 1956 नंतर दोन्ही राज्यांनी ह्या कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या, त्यामुळं कलमाचा नंबर एक असला तरी मजकूर शब्दाला शब्द सारखाच असंल असं धरून चालू नको. आपल्याकडचं 38-ई आणि त्या निकालात उतरवून घेतलेलं 38-ई शेजारी ठेवून वाच, फरक कुठं आहे ते पेन्सिलनं खूण कर. समोरचा वकील हुशार असला तर पहिला हल्ला तिथंच करतो. आणि कोणत्या जिल्ह्याला कोणती तारीख जाहीर झाली ती अधिसूचना पण लागंल, ती निकालात उतरवलेली असते बऱ्याचदा, "अपॉइंटेड डे" किंवा "नोटिफाइड डेट" असं शोध.

पश्चिम महाराष्ट्राचे निकाल नको म्हणून नॉट वापरून "बॉम्बे टेनन्सी" काढून टाकायचा मोह होतो. तसं करू नको. दोन्ही कायद्यांची तुलना करणारे निकाल त्यात उडून जातात आणि तेच कधीकधी सगळ्यात कामाचे असतात. त्यापेक्षा संरक्षित कुळ म्हणजे "प्रोटेक्टेड टेनंट" आणि 38-ई हे एकाच परिच्छेदात जवळ जवळ आलेत का ते बघ, पश्चिम महाराष्ट्राच्या कायद्यात ते कलम 32 आणि 32-ग आहे त्यामुळं तिथले निकाल आपोआप मागं पडतात. विदर्भाचा 1958 चा कायदा तर अजून तिसराच. आणि तो 1948 चा बॉम्बे टेनन्सी आता महाराष्ट्र टेनन्सी नावानं ओळखला जातो, त्यामुळं तुलनेचे निकाल काढताना दोन्ही नावं टाकावी लागतात.

अजून एक, खंडपीठ इथं सुरू झालं 27 ऑगस्ट 1981 ला. त्याच्या आधीचे निकाल इथल्या बेंचच्या फिल्टरमध्ये दिसणार नाहीत हे उघड आहे, पण मुलं फिल्टर लावून बसतात आणि जुनं काही नाहीच असं समजतात. 1956 च्या आधीचं पाहिजे तर एआयआरमध्ये हैदराबादचा वेगळा भाग असायचा, तो बघ.

महसूल_निवृत्त:

वकील साहेबांनी लई मुद्द्याचं सांगितलं. मी महसुलात नोकरी केली, कोर्टाचं फार कळत नाही पण कागदावरचे शब्द कळतात, म्हणून लिहायलो. बाळा, तुझ्या सर्चमध्ये रेकॉर्डची नावं पण टाक. खासरा पाहणी 1954-55 चा उल्लेख मराठवाड्याच्या बऱ्याच जमिनीच्या निकालात येतो, तेलंगणाच्या निकालातपण तो येतो म्हणून कोर्टाचा फिल्टर मुंबई ठेव, मग तो शब्द टाकला की आपल्या भागातले निकाल वर येतात, जिल्ह्याचं नाव टाकायची गरज पडत नाही. पण इंग्रजीत कुणी खसरा लिहितो, कुणी खासरा, पाहणीला कुणी पहाणी पत्रक म्हणतो. इनामाचं प्रकरण असलं तर अजून घोळ, मदतमाश आणि खिदमतमाश (इनामाचे प्रकार) हे कधी एक शब्द, कधी दोन, कधी मधे डॅश, माशला कधी एक ए कधी दोन. मुंतखबचं (इनामाचा दाखला) पण तसंच. जितकी स्पेलिंग सुचतील तितकी लिहून घे.

आणि निजामाच्या काळातले कागद फसली सालात असतात हे ध्यानात ठेव. फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. जहागिरी रद्द करणारं जे फर्मान निघालं ते 1949 चं, पण कायद्याच्या नावात साल 1358 फसली आहे. 1949 टाकून शोधशील तर ते हाती लागंल का? तारखेच्या फिल्टरला फसली कळत नाही, ते साल शब्द म्हणूनच टाकावं लागतं.

जिल्ह्याची नावं पण बदलली. बीडचं जुन्या इंग्रजी कागदात भीर आहे, आता धाराशिव आहे ते उस्मानाबाद होतं. जुना निकाल जुन्याच नावानं सापडणार.

परभणीकर_ज्युनियर:

सर, काका, ताई, खरंच मनापासून धन्यवाद. उटनूरचा निकाल उघडला, वाचायलो, हे सगळं तेलंगणा नावाखाली पडलंय हे मला कुणी सांगितलंच नसतं. दोन गोष्टी विचारायच्यात. फुकटच्या साइटवर अँड ऑर टाकलं तर ती शब्द म्हणूनच शोधती असं वाटायलंय. आणि पेड डेटाबेस फक्त कॉलेजमध्ये, तर तिथं बसल्यावर नेमकं काय करावं आणि घरी काय?

ग्रंथपाल_ताई:

इंडियन कानून ह्या फुकटच्या साइटवर ऑपरेटर (अँड, ऑर असे जोडशब्द) जरा वेगळे आहेत. अँडमध्ये शेवटचा डी दोनदा, ऑरमध्ये आर दोनदा, नॉटमध्ये टी दोनदा, सगळं कॅपिटलमध्ये आणि दोन्ही बाजूला जागा सोडून. दोन शब्द जवळ जवळ पाहिजेत तर निअर, तेपण कॅपिटलमध्ये. नेमका शब्दसमूह पाहिजे तर अवतरण चिन्हात. कोर्ट, तारीख, शीर्षक ह्यांना पण सर्चमध्येच बांधता येतं, त्यांच्या मदत पानावर दिलंय, एकदा वाचून घ्या. प्रत्येक डेटाबेसची खूण वेगळी असते, एकीकडं ताऱ्याची खूण टाकली की टेनंट, टेनन्सी, टेनंटेड सगळं येतं, दुसरीकडं ती चालतच नाही. म्हणून नवीन डेटाबेस उघडला की आधी हेल्प पान, हे मी पहिल्या दिवशी सांगते.

घरी फुकटात पहिल्या फेऱ्या करा: शब्द जमवा, निकालांची यादी करा, साखळी धरा. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट 2023 पासून ई-एससीआरवर फुकट आहेत, कोर्टात दाखवायला तिथली प्रत चांगली. कॉलेजमध्ये पेड डेटाबेसवर बसाल तेव्हा मुख्य काम एकच ठेवा, तुमच्या यादीतला प्रत्येक निकाल आजही उभा आहे का ते तपासणं. पुढं मोठ्या बेंचनं फिरवला का, कलम दुरुस्त झालं का. तिथं संपादकांनी हे हातानं नोंदवलेलं असतं, त्यासाठीच ते पैसे घेतात. हेडनोटवर (निकालाच्या वर दिलेला सारांश) विसंबून मात्र राहू नका, हेडनोट संपादकाची असते, कोर्टाची नसते, परिच्छेद नंबर घेऊन मूळ वाक्य उतरवा.

डेझर्टेशनसाठी निकाल पुरणार नाहीत. शोधगंगावर आपल्या दोन्ही विद्यापीठांचे प्रबंध आहेत, संभाजीनगरचे आणि नांदेडचे, जमीन सुधारणा आणि मराठवाडा टाकून बघा आणि जो प्रबंध जवळचा वाटंल त्याची संदर्भसूची आधी वाचा. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधताना पुस्तकाच्या नावापेक्षा विषय शीर्षकावर शोधा, तिथं कुळ कायदा असं लिहिलेलं नसतं, "लँड टेन्युअर", "लँडलॉर्ड अँड टेनंट", "फार्म टेनन्सी" असं असतं. एक उपयोगी पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतल्या विषयावर क्लिक करा, शेजारची सगळी बाहेर येतात. आणि एक वही ठेवा. तारीख, डेटाबेस, टाकलेली सर्च जशीच्या तशी, काय मिळालं. गाइड विचारतात तेव्हा हीच वही कामी येते, आणि तीच सर्च परत परत टाकणं वाचतं.

लातूर_एलएलबी:

एवढं कशाला करता दादा, आजकाल एआयला प्रश्न विचारला की सायटेशनसकट उत्तर देतंय, पाच मिनिटात काम.

खंडपीठ_वकील:

भाऊ, शब्द सुचवायला विचार, त्याला माझी काही हरकत नाही. संरक्षित कुळाला इंग्रजी निकालात अजून काय काय म्हणतात हे ते चांगलं सांगतं. सायटेशन मात्र त्याच्याकडून घेऊन थेट अर्जात लिहू नको. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी असेच निकाल दिले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते, कोर्टानं 5000 डॉलर दंड केला. आपल्यासमोर माणूस बसलेला असतो, त्याची जमीन त्या कागदावर टांगलेली असते. डेटाबेसमध्ये निकाल उघडला, पक्षकाराचं नाव, तारीख, परिच्छेद स्वतःच्या डोळ्यानं बघितला, तरच लिहायचं. ह्यात तडजोड नको.

परभणीकर, तुला अजून एक. खरेदीखताला कलेक्टरची परवानगी लागत होती का हा 50-ब चा मुद्दा तुझ्या प्रकरणात निघू शकतो, पण त्याचा सर्च वेगळा कर, वेगळी पानं कर. दोन प्रश्न एका सर्चमध्ये कोंबले की दोन्हीचं उत्तर अर्धवट येतं.

बीड_फौजदारी:

विषय चालूच आहे तर माझं पण विचारतो. गुन्हा रद्द करायच्या अर्जासाठी कलम 482 टाकून शोधतो, 2024 पासून त्यात अटकपूर्व जामिनाचे निकाल मिसळायलेत. फिल्टर कसा लावावा?

ग्रंथपाल_ताई:

कारण नंबर तोच राहिला आणि अर्थ बदलला. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहिता) 482 म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आली, तिथं 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी 438 होता, आणि अंगभूत अधिकार गेले 528 ला. म्हणून नुसता नंबर टाकू नका. एका कंसात 482 आणि सीआरपीसी जवळ जवळ, दुसऱ्या कंसात 528 आणि बीएनएसएस जवळ जवळ, दोन्ही कंस ऑरने जोडा, आणि पुढं अँड करून क्वॉशिंग (गुन्हा रद्द करणं) किंवा इन्हेरंट पॉवर्स (अंगभूत अधिकार). कायद्याची नावं पूर्ण आणि संक्षिप्त दोन्ही रूपात घाला, सीआरपीसीच्या मधे पूर्णविराम असलेलं रूप पण. तारखेचा फिल्टर लावून जुन्या नव्याचे दोन भाग करता येतील असं वाटतं, पण जुलै 2024 नंतरसुद्धा जुन्या गुन्ह्यांवरचे निकाल 482 नावानंच येतात, त्यामुळं तारखेवर भरवसा ठेवू नका, कायद्याच्या नावावर ठेवा.

बीड_फौजदारी:

कंस टाकून बघितलं ताई, जामिनाचे गेले. फसवणुकीच्या 420 ला पण असंच करावं लागंल ना, ते आयपीसीतून आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय.

ग्रंथपाल_ताई:

हो, 318 चं पोटकलम 4. ते पोटकलम कंसात छापलेलं असतं आणि काही डेटाबेस कंस वाचतच नाहीत, म्हणून 318 सोबत चीटिंग हा शब्द जोडा.